बाबांचा क्रमांक

बाबा गेल्यावर दादाने त्यांचा चष्मा जपून ठेवला, चपला दाराशी तशाच राहू दिल्या आणि पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या संगणकातलं त्यांचं खातं पुसून टाकलं. "गेलेल्या माणसाला पासवर्ड कशाला?" असं त्याचं म्हणणं. दादाचं म्हणणं म्हणजे ब्रह्मवाक्य, निदान दादापुरतं तरी.

पुढच्या आठवड्यात ब्रह्मदेवाचा बहिणीला फोन आला.

"फाइल उघडते, पण बदल केला की जतन होत नाही. परवानगी नाही म्हणतो. मला! माझ्या दुकानात!"

बहीण एका ग्रंथालयाची संगणक यंत्रणा सांभाळायची. घरात तिच्या वाचनाची थट्टा व्हायची आणि काही अडलं की तिलाच फोन जायचा. ती आली.

दुकान पाट्यांचं होतं. मागच्या खोलीत अक्षरं कापायचं यंत्र, भिंतीला टेकवलेले प्लास्टिकचे पत्रे आणि बाबांची खुर्ची. तिच्यावर दादाने आपलं जॅकेट टाकून ठेवलं होतं. वारसा सांगायची ही पद्धत संगणकापेक्षा नक्कीच सोपी होती. ती स्टुलावर बसली.

बाबांनी कधी कुठल्या पाटीवर सही केली नव्हती. दवाखान्यावर डॉक्टरचं नाव, शाळेवर शाळेचं. अक्षरं काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते होतं फक्त इथे, फाइलींच्या यादीत, प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी. शेवटचा अक्षरसंच, म्हणजे स्वतःच्या वळणाचा फॉन्ट, त्यांनी अर्धवट सोडला होता. त्याच्यावरचं नाव तरी राहावं, एवढ्यासाठीच ती आली होती. दादाला हे सांगायची तिला गरज वाटली नाही.

तिने यादी काढली. खातं पुसल्यामुळे नावाच्या जागी नुसता आकडा दिसेल अशी तिची तयारी होती. पण ओळीमागून ओळ एकच नाव सांगत होती: नव्या टायपिस्टचं.

"दादा, अभिनंदन. सगळं दुकान हिचं झालंय."

दाराशी उभी असलेली टायपिस्ट चपापली. "ताई, मी काहीच केलं नाही हो! सगळीकडे माझंच नाव दिसत होतं, म्हणून मला वाटलं आवरायचं कामही माझंच. अर्धवट दिसलं ते टाकाऊच्या फोल्डरमध्ये ठेवलंय. उद्या काढून टाकणार होते."

बहिणीने टाकाऊचं फोल्डर उघडलं. अक्षरसंच तिथे होता.

"यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं," ती म्हणाली. "नाव म्हणजे वर लावलेली पाटी. तू बाबांची पाटी उतरवलीस, क्रमांक मोकळा झाला. हिचं खातं उघडताना यंत्राने पहिला मोकळा क्रमांक हिला देऊन टाकला. त्या क्रमांकाचं जे जे होतं, ते हिचं."

"सोमवारी नोकरीला लागली आणि मालकीण?"

"वारसाहक्कात याहून विचित्र गोष्टी होतात."

"मग सगळं सगळ्यांना खुलं कर. ते सातशे सत्त्याहत्तर की काय असतं ना?"

"असतं. दुकानाचं दार काढून भंगारात द्यायचं, म्हणजे किल्ली हरवत नाही."

"मग माझ्या नावावर कर सगळं! मी थोरला आहे."

ते एका ओळीचं काम होतं. त्या ओळीनंतर बाबा कुठल्याच ओळीत उरले नसते. तिने ती ओळ लिहिली नाही.

तिने टायपिस्टला वेगळा क्रमांक दिला. सोमवारपासूनची तिची पत्रं शोधून तिच्या नावावर केली, नाहीतर ती बाबांच्या नावावर गेली असती. आणि बाबांनी जन्मात एक पत्र वेळेवर लिहिलं नव्हतं. मग त्यांचं खातं जुन्याच क्रमांकाने पुन्हा तयार केलं आणि त्यात शिरायचा रस्ता बंद केला. यादीत पुन्हा बाबांचं नाव दिसू लागलं. अक्षरसंच टाकाऊतून परत जागेवर आला.

"गेलेल्या माणसाचं खातं उघडलंस?" दादा म्हणाला.

"बंदच आहे. कुणालाच आत येता येणार नाही. फक्त नाव आहे."

मग तिने 'दुकान' नावाचा गट केला, त्यात दादाला आणि टायपिस्टला घातलं. जुन्या फाइली एकजात त्या गटाच्या केल्या, गटाला लिहायची मुभा दिली आणि प्रत्येक फोल्डरला अशी खूण लावली, की यापुढे आत जे जन्माला येईल ते आपोआप दुकानाचंच होईल. करणारा कुणीही असो.

दादाने एक पाटी उघडली, अक्षर जरा सरकवलं. जतन झालं. त्याने यादीत डोकावून पाहिलं.

"बदल मी केला, आणि मालक अजून बाबाच?"

"हो."

"म्हणजे राबायचं मी आणि नाव त्यांचं."

"आजवर काय वेगळं होतं?"

दादा हसला. हसू मध्येच कुठेतरी अडकलं. त्याने अक्षरसंच उघडला, शेवटच्या पूर्ण अक्षरापाशी थांबला, पुढच्या कोऱ्या चौकटींकडे पाहत राहिला.

"हे मला जमायचं नाही. माझं वळण म्हणजे कोंबडीचे पाय. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून गिरवायचीस ती तू. तूच कर पुरं."

"मी गटात नाही."

"का?"

"दुकान तुझं आहे. न विचारता कशी शिरू?"

"अख्खं यंत्र उलटंपालटं केलंस ते कुणाला विचारून, पंडिताबाई? घाल स्वतःला!"

तिचं जुनं खातं तिथे होतंच. घर सोडून तिला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी ते पुसलं नव्हतं. तिने ते गटात घातलं आणि संगणकातून बाहेर पडली.

"आता कुठे निघालीस?"

"गटात घेतलं तरी लगेच लागू होत नाही. एकदा बाहेर जाऊन परत यावं लागतं."

दादाने खुर्चीवरचं जॅकेट उचललं. ती त्या खुर्चीत बसली, आपलं नाव टाइप केलं आणि आत आली.