गाण्यातली बाई

"बंद कर न ते," शकुबाई म्हणाली. रीताने मोबाइलचा आवाज कमी केला, पण गाणं चालूच ठेवलं.

गडचिरोलीजवळच्या रोपवाटिकेत दोघी पिशव्यांत माती भरत होत्या. गाणं नवं होतं, शहरातल्या पोरापोरींनी कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांसाठी केलेलं. आधी बासरी, मग गावाबाहेर एकटी बसलेली म्हातारी. एक चिमुरडी धावत येते, म्हातारीचे वाकडे हात आपल्या गालाला लावते आणि सारं गाव रडतं. रीताचेही डोळे दरवेळी भरून येत.

"तुमच्यासाठीच तं गायलं त्याईनं," ती म्हणाली.

"मालूम हाय मले. पण त्या बाईले एक शबूद बोलू देल्ला नाई. नुसती रडून राह्यली."

शकुबाईला रोग झाला तेव्हा ती विशीत होती. गोळ्या खाऊन बरी झाली, डाव्या हाताची बोटं मात्र आत वळली ती वळलीच. नवऱ्याने सिंदेवाहीकडच्या माहेरी आणून सोडलं. माहेरच्यांनी गोठ्याच्या कडेला खाट टाकून दिली. तिथे एक पावसाळा काढून ती स्वतःच बाहेर पडली. धाकटा भाऊ मुखरू दिवाळीला येऊन जायचा, पण रोपवाटिकेच्या फाटकापाशी उभ्या उभ्याच बोलून. लग्न, बारसं, तेरवी, कशाचंही बोलावणं कधी आलं नाही.

यंदा आलं. मुखरू पत्रिका घेऊन थेट आत आला, बसून चहा प्याला. मुलीच्या, उर्वशीच्या लग्नाला यावंच लागेल, आता जमाना बदलला, असं म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तेच गाणं.

इतक्या वर्षांनी माहेरचं बोलावणं आलं आणि शकुबाईच्या मनात पाल चुकचुकली. हे बोलावणं आपल्याला आहे, की त्या गाण्यातल्या बाईला?

तरी ती हळदीच्या दिवशी गेली. मांडवात पाय ठेवताच पोरांनी डीजेवर गाणं लावलं. उर्वशीने तिचा हात गालाशी धरला, मैत्रिणीने व्हिडिओ काढला. उजेड नीट पडला नाही म्हणून पुन्हा धरायला लावला. मुखरू उपरण्याने डोळे पुसत होता. गाणं संपलं, कोंडाळं पांगलं, आणि शकुबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटी उरली. भाजी चिरायला म्हणून ती उठली, तर बायका म्हणाल्या, तुम्ही बसा, आराम करा. कोणीतरी पाणी आणून दिलं. तिला कागदी ग्लासात. बाकी सगळे स्टीलच्या ग्लासातून पीत होते.

दुपारी ती घरामागे गेली. भावजय गुणाबाई तिथे एकटीच लसूण सोलत होती. सकाळपासून तिने शकुबाईच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"गुणा, कागदाचा गिलास तूच सांगतला का?"

गुणाबाईचे हात थांबले. "हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "गोळ्या खाल्ल्यावर काई होत नाई, डॉक्टर सांगते. आयकते मी. पण भेव नाई जात, बाई. खोटं काऊन बोलू तुमच्यापाशी?"

शकुबाईला राग आला. आला, आणि त्याच्या मागोमाग खांदे सैल पडले. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याशी, खुद्द तिच्याशी बोललं होतं.

"मले ते गाणं आवडत नाई," ती म्हणाली.

"मले तरी कुठी आवडते? पोट्टे दिवसभर लावून राह्यले. डोस्कं उठलं."

शकुबाई हसली. मग तिने विचारलं, मी सोलू का. गुणाबाईने आधी लसणाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. पायाने टोपलं थोडं पुढे सरकवलं.

शकुबाई बसली. वळलेल्या बोटांत गड्डा धरून उजव्या अंगठ्याने पाकळ्या सुट्या करून सोलू लागली. सोललेल्या पाकळ्या तिने पातेल्यात टाकल्या नाहीत. पळसाचं एक पान ओढून त्यावर वेगळ्या ठेवत गेली. वापरायच्या की नाही, ते गुणाबाईचं तिने ठरवावं.

गुणाबाई ते बघत होती. बऱ्याच वेळाने तिने पान उचललं, पातेल्यात रिकामं केलं आणि पदराला हात पुसले.

शकुबाईने तेही पाहिलं, आणि पुढचा गड्डा घेतला.