नाकपट्टीतली चेन

मेजर सैन्यात कधीच नव्हता. भरतीच्या पहिल्याच दिवशी सपाट तळव्यांपायी त्याला घरी धाडलं होतं आणि ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्याचा थोरला भाऊ, जो आता हयात नव्हता, आणि दुसरी त्या भावाची बायको, म्हणजे काकू. बाकीच्यांनी मिशा पाहिल्या, गुडघ्यापर्यंतचे बूट पाहिले आणि आपणहून मेजर म्हणायला लागले. त्यानेही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

मेजरची घोडेस्वारीची शाळा होती. तिच्या मागच्या भिंतीला लागून काकूंचं खोगिरांचं दुकान होतं. खोगीर, तंग, रिकिबीचे पट्टे, लगाम, सगळं काम त्या नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या होत्या, आणि तो गेल्यावर नऊ वर्षं एकट्या करत होत्या. कातडं टोचायची आरी धरून धरून त्यांच्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की शेजारीण म्हणायची, तुमच्या अंगठ्यावर काडी ओढली तर पेटेल.

एके सकाळी मेजर दुकानात शिरला आणि काकूंच्या कातडी कापायच्या पाटावर त्याने एक पोतं उपडं केलं. लगामांची लोखंडं खणखणत बाहेर पडली, घोड्याच्या तोंडात बसतात ती, सगळी मिळून चौदा.

"वहिनी, आजपासून हे बंद."

"का हो भाऊजी? मोडली का?"

"मोडली नाहीत. क्रूरपणा आहे हा! मुक्या जनावराच्या कोवळ्या जबड्यात लोखंड घालायचं आणि वर ते खेचायचं. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

काकूंनी दोरा दातांनी तोडला. हा माणूस माणुसकीवर बोलतोय म्हणजे याला कुठेतरी सणसणीत चटका बसलाय, हे त्यांनी ओळखलं. कुठे बसला तेही त्यांना माहीत होतं. महिन्यापूर्वी एका मुलीची आई तिला न्यायला आली होती. समोर मेजर आपल्या करड्या घोडीवरून, सुरमीवरून, उतरत होता. त्या बाईने घोडीच्या तोंडाचा जवळून फोटो काढला. ओठाच्या कोपऱ्यात जखम, आणि फेस गुलाबी. फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला आणि आठवड्याभरात संध्याकाळच्या वर्गाला माशा मारायची वेळ आली.

खरं तर मेजरची मुलगी चिऊ तीन वर्षं हेच सांगत होती. चिऊ चोवीस वर्षांची, शाळेतल्या लहान मुलांना शिकवायची. तोंडात काही न घालता, नाकावरच्या नुसत्या पट्टीवर घोडा नीट चालतो, बसणाऱ्याला बसता मात्र आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. "मग पुढच्या वेळी घोड्याला विचारूनच बस," असं म्हणून मेजर चारचौघांत खो खो हसायचा. आता तेच बोलणं तो स्वतःच्या नावावर खपवत होता. फाटकावर नवी पाटीसुद्धा लागली होती: 'येथे प्रेमाने घोडेस्वारी शिकवली जाते.' त्यातलं 'प्रेमाने' लाल रंगात होतं.

"तर वहिनी, बिनलोखंडाचे चौदा लगाम करून द्या. नाकपट्टी रुंद, दिसायला मऊ. लोकांनी हात लावला तर त्यांना बरं वाटलं पाहिजे."

"देते की."

मेजरने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि पट्टीच्या आत सायकलची चेन घाला. वरून दुहेरी कातडं शिवलं की झालं. नाकाच्या हाडावर चेन दाबली की कितीही माजलेला घोडा जागच्या जागी उभा राहतो. दिसतंय कुणाला?"

काकूंना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "चेन?"

"चेन. नाहीतर काय, मला घोड्याची मनधरणी करायला लावता?"

तो गेला. काकू त्या लोखंडांच्या ढिगाकडे बघत बसल्या. त्यांतली निम्मीअधिक त्यांच्या ओळखीची होती. कड्या सैल झाल्या, पट्टे तुटले की ती त्यांच्याकडेच यायची, आणि कैकदा सांध्यात काहीतरी तपकिरी वाळलेलं असायचं. सुरुवातीला नवरा ते खरवडून काढायचा आणि काही बोलायचा नाही. मग काकू खरवडायला लागल्या. गंज असेल, असं त्या मनाशी म्हणायच्या. एकोणीस वर्षं त्या असं म्हणत आल्या होत्या, आणि गंज कसा दिसतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं! मेजरची त्यांना चीड होतीच, ती लग्न होऊन आल्यापासून होती. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांना स्वतःची शिसारी आली.

चौदा लगाम तीन आठवड्यांत झाले. काकूंनी चांगलं कमावलेलं कातडं घेतलं, आतून लोकरीचा जाड, मऊ नमदा लावला, आणि पट्टी नाकपुड्यांपासून चार बोटं वर, भक्कम हाडावर बसेल असं माप धरलं. चेन आणलीच नाही.

मेजर न्यायला आला तेव्हा त्याने कातड्यावरची चमक पाहिली. "आतलं नीट झालं ना?"

"आत जे हवं तेच घातलंय."

त्याने एक लगाम हातात घेऊन दाबून पाहिला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण लगाम हातात घेऊन बघणं हे नोकरांचं काम, असं त्याचं मत होतं. त्याने गाडीत टाकायला सांगितलं आणि निघून गेला.

पुढचे पंधरा दिवस चिऊ पहाटेपासून मैदानात असायची. एकेका घोड्याला नवा लगाम चढवायची, पायी चालवायची, मग बसून चालवायची. शरीर सावरून बसणं, श्वास सोडणं आणि हलकेच "बस" म्हणणं, एवढ्यावर घोडे थांबायला शिकले. सुरमीला सर्वांत जास्त दिवस लागले. कुणी लगामाला हात घातला की ती आधी मानच वर झटकायची. दहाव्या दिवशी तिने पहिल्यांदा मान खाली सोडून फेरी मारली, तेव्हा चिऊ धावत दुकानात आली. "काकू, ती इतकी निवांत झालीये की जांभई देते आता! बाबांना म्हटलं, चार दिवस तरी तिच्यावर बसून सराव करा. तर म्हणाले, मला काय शिकवतेस?"

"त्यांना कोण शिकवणार, बाई," काकू म्हणाल्या. "ते शिकूनच जन्माला आलेत."

रविवारी सकाळी नव्या लगामांचं प्रात्यक्षिक होतं. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, आईबाप मुलांना घेऊन आले होते, फोटो काढणारी ती बाईही पहिल्या रांगेत होती. मेजरने तिला मुद्दाम बोलावलं होतं. काकू भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मेजरने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि पाव तास सोडला नाही. "घोड्याच्या तोंडात लोखंड घालणाऱ्याचं काळीजही लोखंडाचं असतं," तो म्हणाला. एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना वाटलं, याला आता इथे, सगळ्यांसमोर उचकी लागावी.

मग तो सुरमीवर बसला. दोन फेऱ्या दुडक्या चालीने मारल्या, तिसऱ्या फेरीत टाच मारून तिला भरधाव सोडलं. बेत असा होता की पहिल्या रांगेसमोर येऊन एका झटक्यात थांबायचं. इतकी वर्षं तो असाच थांबत आला होता, आणि लोक त्याला कसब समजत होते. रांगेसमोर येताच त्याने दोन्ही हातांनी लगाम खेचला.

सुरमीने सवयीने मान झटकली. ती दुखण्याची वाट पाहत होती आणि दुखलं काहीच नाही. नाकावर नमदा टेकला, एवढंच. ती गोंधळली, वेग कमी झाला, पण थांबली नाही. मेजरने पुन्हा खेचलं, मग आणखी जोरात. मिशांचं टोक गालाला चिकटलं, टोपी पडली. घोडीला एव्हाना पुरतं उमगलं होतं की वर बसलेल्या माणसाच्या हातात काही राहिलेलं नाही. ती सावकाश वळली आणि तबेल्याकडे चालू लागली.

"थांब! थांब म्हणतो ना!"

तबेल्याचं दार बुटकं होतं. मेजरला घोडीच्या मानेवर पालथं पडावं लागलं, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला. तो तसाच, पालथा, आत दिसेनासा झाला. एक लहान मुलगी म्हणाली, "संपलं का?" आणि तिच्या आईने तिला गप्प केलं.

आतून चाबकाचा आवाज आला. चिऊ धावली. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण मेजर बाहेर आला तेव्हा चाबूक चिऊच्या हातात होता आणि मेजर लालबुंद झाला होता. त्याला काकू दिसल्या. त्याने लोकांचा, ध्वनिक्षेपकाचा, पाटीचा, कशाचाच विचार केला नाही.

"वहिनी! पट्टीत चेन घाला म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? कुठाय चेन?"

फोटोवाली बाई उठली. "कसली चेन?"

आपण काय बोलून बसलो ते आता मेजरच्या लक्षात आलं.

"सायकलची," काकूंनी सांगितलं. "नाकपट्टीत लपवून घालायची होती. घोडा दुखून थांबावा आणि तुम्हाला दिसू नये म्हणून. मी नाही घातली."

"वहिनींचा गैरसमज झालाय," मेजर घाईघाईने म्हणाला. "वय झालंय त्यांचं..."

"आत्ता तुम्हीच ओरडलात की," टाळ्या वाजवणारे आजोबा म्हणाले.

ती बाई काकूंकडे वळली. "आणि आधीचं? त्या जखमा? तुम्ही शेजारीच असता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. "माहीत होतं. एकोणीस वर्षं."

बाईने मेजरकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्याच नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली नाही. ती नजर आपल्या वाट्याची आहे, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून मेजरच्या शाळेला उतरती कळा लागली. चिऊने वडिलांशी भांडण केलं नाही. तिने एवढंच सांगितलं की सुरमी आणि दोन म्हातारे घोडे मी नेते. 'वाया गेलेली जनावरं' म्हणून मेजरने ती खुशाल नेऊ दिली. रस्त्यापलीकडे एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत तिने स्वतःचा वर्ग काढला. सहा मुलं आली. त्यात फोटोवाल्या बाईची मुलगी होती. बाई काकूंशी बोलत नसे, पण लेकीला खोगिराचं माप द्यायला मात्र पाठवत असे.

एकदा काकू माप घेत असताना चिऊने विचारलं, "काकू, तू इतकी वर्षं का बोलली नाहीस?"

काकूंनी फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली. "आधी तुझे काका काय म्हणतील म्हणून. मग ते गेले. मग मेजर काम देणार नाही म्हणून. मग सवय झाली म्हणून." फीत बाजूला ठेवून म्हणाल्या, "यातलं एकही कारण धड नाही, मला माहितीये."

चिऊने 'असू दे' म्हटलं नाही. काकूंना तेच बरं वाटलं.

दोन महिन्यांनी मेजरच्या माणसाने दुकानात एक पिशवी आणून टाकली. आत तीन जुनी लोखंडं होती, नव्या पट्ट्यांना जोडून द्यायची. फाटकावरची पाटी उतरली होती, हे काकूंना येताजाता दिसलं होतंच. त्यांनी पिशवी उचलली, भिंतीला वळसा घालून मेजरच्या ऑफिसात गेल्या आणि टेबलावर ठेवली.

"हे काम माझ्याकडे होत नाही."

"नवीन काय त्यात?" मेजर फणकारला. "इतकी वर्षं बरं केलंत!"

"केलं ना, म्हणूनच तुम्ही इथवर आलात." त्या दाराशी थांबल्या. "दुसरा कुणीतरी करून देईल. माझ्यासारखी माणसं कमी नाहीत."

मेजर त्यावर काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं नाही. रस्ता ओलांडून त्या वखारीत गेल्या. चिऊकडे त्या दिवशी एक नवं तट्टू आलं होतं, कपाळ रुंद, कानांपाशी हात लावू न देणारं. काकू फीत हातात धरून त्याच्यापासून दोन पावलांवर उभ्या राहिल्या आणि ते स्वतःहून मान पुढे करेपर्यंत थांबल्या. अर्धा तास लागला.