फितुराचा जिना

शेजाऱ्याशी दोन शब्द भांडायचं म्हटलं तरी ज्याची जीभ अडखळते, असा माणूस पडद्यासमोर बसला की वाघ होतो. खोपटच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं फाडणारा तानाजी तसाच. १९९९ साली तो जेवणाच्या सुट्टीत रोज व्हॅलेरियन अंकलच्या सायबर कॅफेत शिरायचा. एका इंग्रजी मारधाडपट मालिकेतल्या कर्नलचे चाहते इंटरनेटवर जमायचे आणि कर्नलच्या नव्या गोष्टी स्वतःच रचायचे. तानाजीही त्यांतलाच. त्यांचा एक रिवाज होता. कुणी गोष्टीला नावं ठेवली, की पुढच्या गोष्टीत त्याला फितूर करून कर्नलच्या हातून मारायचं.

'बगळा' या टोपणनावाने कुणीतरी लिहिलं, "तानाजीचा कर्नल विचार करत नाही, नुसता मारतो." तानाजीला ते झोंबलं. बगळ्याने पूर्वी गप्पांत सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं: कळव्यात तिसरा मजला, पोलिओचा पाय, कुबडी. ते सगळं त्याने गोष्टीत घातलं. कर्नलने फितुराची कुबडी हिसकावली आणि त्याला जिन्यावरून ढकललं. बावीस जणांनी वाहवा केली. तानाजीने कौतुकाने अंकलकडून गोष्टीची प्रिंटही काढून घेतली. बगळा मात्र गप्प झाला.

दहा दिवसांनी बगळ्याच्या नावाने एक ओळ आली. "मी अजून जिन्यातच आहे."

तानाजी हसला, पण ती ओळ त्याने पुन्हा वाचली. दुसऱ्या दुपारी ओळ आली, "निळ्या चौकड्यांचा शर्ट बरा दिसतो." त्याने छातीकडे पाहिलं. तोच शर्ट होता. लगेच तिसरी ओळ उमटली, "मागे बघू नकोस."

त्याने पाहिलंच. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर व्हॅलेरियन अंकल एका बोटाने टाइप करत होते.

"अंकल, तुम्ही!"

"बगळा म्हणजे माझी मुलगी अ‍ॅग्नेस," अंकल म्हणाले. "तिच्या नावाने मी लिहिलं. पोरगी जिन्यात पाय टाकत नाही रे. शाळेतली नोकरी जायची वेळ आलीय. म्हणते, वळणावर कोणतरी उभं आहे."

"पण ती गोष्ट होती, अंकल. सगळेच लिहितात."

"कर्नल खोटा, त्याला काय हवं ते करू दे. कुबडी तू खरी घेतलीस, जिना खरा घेतलास. मग भीती तेवढी खोटी कशी होईल? तुला तीन ओळींत घाम फुटला. तिच्यावर तू पाच पानं लिहिलीस."

तानाजीला स्वतःची शरम वाटली. त्याने सर्वांसमोर माफी लिहिली, गोष्ट काढून टाकली आणि संध्याकाळी अंकलबरोबर कळव्याला गेला.

दार अर्धवट उघडलं. "मी तानाजी. ते मी लिहिलं. चुकलं माझं."

अ‍ॅग्नेसने त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग कुबडी घेऊन ती बाहेर आली. ती आधी उतरेल म्हणून तानाजी अदबीने बाजूला सरकला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही पुढे चाला. माझ्या मागे नको."

तो पुढे झाला. पाठीमागे कुबडी एकेक पायरी उतरत होती. प्रत्येक वळणावर ती थांबायची, आणि तोही मान न वळवता थांबायचा. रस्त्यावर यायला वीस मिनिटं लागली.

मित्रहो, टोपणनावामागे एक खरा माणूस राहत असतो. गंमत म्हणून त्याच्या घरात भीती सोडून यायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.