पाचवी डिस्क

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आकडा एकसष्ट टक्क्यांवर अडला.

धाकट्यानं डोळे चोळून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. सकाळी तिथे 'चार तास बाकी' असं दिसत होतं. आता एकोणतीस तास दिसत होते. बघता बघता एकतीस झाले. काम होत होतं त्याहून जास्त उरत चाललं होतं.

गाडी संध्याकाळी सातची होती. रात्रभर प्रवास करून ती सोमवारी सकाळी त्याला दुसऱ्या शहरात सोडणार होती आणि नऊ वाजता नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. हजर होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती. एकदा दादाच्या आजारपणात, एकदा दादाच्या मोठ्या कामासाठी. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिकडच्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "आता तारीख नाही बदलणार. माणूस बदलू."

जिन्याखालच्या या खोलीला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं की धूळ येई, लावून घेतलं की उकडे. कोपऱ्यात गुडघ्याएवढा काळा पत्र्याचा डबा घरघरत होता. घरात त्याला सगळे 'कपाट' म्हणत. दादा बाहेरच्या खोलीत बसून फिल्म एडिट करी. शाळांच्या, दुकानांच्या, कुणाकुणाच्या समारंभाच्या. चित्रीकरण झालं की सगळं कपाटात जाई. आत चार डिस्क होत्या आणि चौघी मिळून एकीसारख्या वागत. त्यांतली एखादी गेली तरी उरलेल्या तिघी तिचा हिशेब पुरा करून देत. ही रचना धाकट्यानंच बसवली होती आणि ती समजणारं घरात तो सोडून कुणी नव्हतं.

अलीकडे कपाट मंदावलं होतं. दादानं एखादा प्रसंग पुढे-मागे केला की चित्र अडखळे, माणसांची तोंडं उघडीच राहत. "जाण्याआधी याला पळता करून जा," एवढंच दादा म्हणाला होता. धाकट्यानं जुनी केबल बदलली, मेमरी वाढवली, आणि चाराच्या पाच डिस्क करायचं ठरवलं. पाच जणी एकदम वाचायला लागल्या की काम लवकर उरकतं, जागाही वाढते, हे साधं गणित. पण पाचवी नुसती खोचून भागत नाही. चौघींवरचा सगळा माल उचलून पाचांवर नव्यानं वाटावा लागतो. वाटप अर्ध्यावर आलं की अर्धा माल जुन्या मांडणीत आणि अर्धा नव्या. तिथून मागे फिरायचं म्हटलं तरी पुढे जाण्याइतकंच अंतर.

शनिवारी सकाळी त्यानं वाटप सुरू केलं होतं. दिवसभर आकडा सशासारखा पळाला. दादानं पाठ थोपटली, वहिनी म्हणाली, "बघा, कपाटालाही कळलं भाऊजी निघालेत म्हणून." आणि आज ससा झोपला होता.

दार किलकिलं झालं. वहिनी.

"भाऊजी, जेवायला येताय की अंडी उबवत बसणार?"

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं म्हणजे आमची दिवेलागण." तिनं ताट तिथंच स्टुलावर ठेवलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"कळत नाहीये. तेच बघतोय."

त्यानं एकेक डिस्क तपासायला घेतली. चारही जुन्या जवळजवळ रिकाम्या बसून होत्या. पाचवी मात्र पूर्ण गुंतलेली, आणि तरी लिहीत होती अगदी चिमूटभर. ती बिघडलेली नव्हती. तिची एकही तक्रार नव्हती. नुसती कुथत होती.

ही डिस्क दादानं आणली होती. शुक्रवारी संध्याकाळी धाकटा सामान बांधत असताना दादानं दुकानात जाऊन ती घेतली आणि कपाटाच्या खणात चार स्क्रू पिळून बसवूनही टाकली. "म्हटलं, तेवढाच तुझा त्रास वाचेल." धाकट्यानं दहा मिनिटं तिचा वेग मोजला, उत्तम आला, आणि तो पुढच्या कामाला लागला. लेबल खालच्या बाजूला होतं. ते त्यानं पाहिलं नाही. चूक त्याची होती, हे त्यानं स्वतःशी लगेच कबूल केलं.

आता त्यानं डिस्कचा नमुना क्रमांक पडद्यावर मागवला आणि शोधला. कंपनी तीच, आकार तोच, जात वेगळी. या जातीत लिहिण्याच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. थोड्या जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली सगळी ओळ उचलून पुन्हा शाकारावी लागते. सुरुवातीला थोडी मोकळी जागा असते, तिथे ती झपाझप लिहिते. जागा भरली की कौलं उचलणं सुरू. नुसतं साठवून विसरून जायला ही डिस्क चांगली. अशा वाटपात तिला घालणं म्हणजे गोगलगायीला शर्यतीत उतरवणं.

तो बाहेर आला. दादा एडिटिंगच्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसला होता. कपाट अडल्यामुळे त्यालाही काम नव्हतं.

"दादा, पाचवी डिस्क मी सांगितली होती तीच आणलीस?"

"ती नव्हती त्याच्याकडे. म्हणाला, ही घ्या, तेवढंच मावतं."

"आणखी काय म्हणाला?"

दादानं आठवल्यासारखं केलं. "टिकाऊ आहे म्हणाला. लिहायला जरा हळू. मी म्हटलं, आपल्याला कुठली घाई?"

"मला होती," धाकटा म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय हो," ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस अडकवायला मुद्दाम गोगलगाय आणलीत की काय?"

ती थट्टा होती. कुणी हसलं नाही. दादानं टेबलावरचा कीबोर्ड सरळ होता तोच पुन्हा सरळ केला.

आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याचं पुढचं सगळं दादानं केलं, आणि त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. 'राहा' असंही तो कधी म्हणाला नव्हता. म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

धाकट्यानं दोघांना समोर बसवून परिस्थिती सांगितली. पाचवी आहे तशी ठेवली तर वाटप मंगळवारपर्यंत चालेल, कदाचित गुरुवारपर्यंत. तिला बाद केलं तर चौघी भरभर पुढे जातील, पण मांडणी आता पाचांची, म्हणजे एक आधीच गेल्यात जमा; मग आणखी कुणी गेलं तर सावरून घेणारं उरणार नाही. आणि जुन्यांतली तिसरी डिस्क गेल्या महिन्यापासून कुरकुरत होती. काही ठिकाणी वाचताना अडत होती. म्हणून तर ही घाई केली होती.

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," वहिनी म्हणाली.

"तिसरी गेली तर काय जाईल?" दादानं विचारलं.

"सगळं."

"शाळेची फिल्मसुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं, दादा."

दादाच्या हातात सध्या असलेल्या शाळेच्या फिल्मचं चित्रीकरण आता फक्त कपाटात होतं. कॅमेऱ्याची कार्डं पुसून दादानं दुसऱ्या कामाला वापरली होती. दुसरी प्रत ठेवायला जागाच नव्हती. जागा व्हावी म्हणून तर हा खटाटोप.

"तिकडून फोनवर नाही का बघता यायचं?" वहिनीनं विचारलं. "नोकरीवर जा आणि तिथून हाका की."

"उंटावरून शेळ्या हाकता येतील, वहिनी. पण एखादी विहिरीत पडली तर खाली कोण उतरणार?"

"मी उतरते. सांगा कसं."

त्यानं सांगायला सुरुवात केली. चौथ्या वाक्याला तिनं हात वर केला. "बरं, नाही उतरत."

साडेचार झाले, पाच झाले. आकडा बासष्टवर आला. धाकटा म्हणाला, "दादा, तू ठरव. माल तुझा आहे."

"माल माझा, पण कळतं तुला."

"मला कळतं ते मी सांगितलं."

"मग तू म्हणशील ते."

"मी म्हणणार नाही."

"आधी तू, आधी तू करत बसा दोघं भाऊ," वहिनी म्हणाली. "गाडीवाला तुमचा मावसभाऊ लागून गेलाय थांबायला." मग ती नवऱ्याकडे वळली. आवाजातली थट्टा गेली होती. "बोला ना काहीतरी. जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा. त्यांच्या तोंडून कशाला वदवून घेताय?"

दादा टेबलापासून उठला. मग म्हणाला, "काढ ती."

पाच चाळीसला धाकट्यानं पाचवी डिस्क बाद केली. पडदा मिनिटभर गोठला. मग आकडा हलला आणि बाकी वेळ दिसू लागला: पाच तास वीस मिनिटं. चौघी पुन्हा पळत होत्या. गाडी मात्र ऐंशी मिनिटांवर होती.

दादानं बाहेरची खुर्ची उचलून जिन्याखालच्या खोलीत आणली आणि कपाटासमोर बसला.

"हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "काहीही झालं तरी. बटण नाही, वायर नाही."

"नुसतं बसायचं?"

"अकरापर्यंत."

"आणि त्या तिसरीचा दिवा लाल झाला तर?"

"मला फोन कर."

"तू काय करणार गाडीतून?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

दादानं मान हलवली. त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती. खोलीत दोघांना धड उभं राहायला जागा नव्हती. एकानं बाहेर पडायचं तर दुसऱ्यानं खुर्ची सरकवायला हवी होती.

साडेसहाला टॅक्सी आली. वहिनीनं बॅग स्वतःच खाली नेऊन मागच्या सीटवर ठेवली आणि जिन्याखाली डोकावून म्हणाली, "भाऊजी, मीटर चालू झालं."

त्याच वेळी तिसरी डिस्क अडली. कपाटातून बारीक टकटक आली, एकदा, दोनदा, आणि आकडा जागच्या जागी राहिला. दादा हलला नाही. मग टकटक थांबली आणि डिस्क पुन्हा वाचायला लागली.

"हे असं होत राहणार?" दादानं विचारलं.

"माहीत नाही."

बाहेर हॉर्न वाजला. दादानं खुर्ची भिंतीला टेकवली, पाय आत घेतले, वाट करून दिली. त्याच्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत.

सहा सदतीसला आकडा अडुसष्टवर होता, तिसरी डिस्क चालू होती, टॅक्सी फाटकाशी उभी होती, आणि धाकटा अजून जिन्याखाली होता.