माझ्या नावाची चावी

चावी माझ्या नावावर होती, हे मी कधीच नाकारलं नाही. पण वापरत होतो आम्ही आठजण, आणि हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आता कुणालाच आठवत नाही. सातजणांची स्मरणशक्ती एकाच आठवड्यात कशी जाते, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं.

आमचं केंद्र देशाचं विजेचं जाळं सायबर हल्ल्यांपासून सांभाळतं. यंत्रणा एका मोठ्या देशानं मदत म्हणून दिलेली. सोबत चावी एकच दिली. बोटाएवढं यंत्र, त्यावर दर मिनिटाला नवा आकडा उमटतो, तो टाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. उरलेल्या सात चाव्यांची फाइल चार वर्षं मंत्रालयात फिरतेय. मग ती एकुलती एक चावी माझ्या नावावर काढली आणि पाण्याच्या फिल्टरशेजारी खिळ्याला टांगली. लागेल त्यानं घ्यावी, काम झालं की परत अडकवावी. "आपण काय एकमेकांना परके आहोत का?" असं सर म्हणाले होते.

सर म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच मला बोट धरून हे काम शिकवलं. राष्ट्रीय सायबर धोरण लिहायची वेळ आली, तेव्हा तिसरं प्रकरण विश्वासानं माझ्याकडे दिलं. मी हवेत होते अगदी. बाहेरच्या कुणालाही आपल्या यंत्रणेत थेट हात घालू द्यायचा नाही, हे त्या प्रकरणात मीच लिहिलं. आईला वाचूनही दाखवलं. बिचारीला काही कळलं नाही, पण तिनं मान डोलावली.

त्याच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी रजेचा अर्ज घेऊन गेले, तर सरांनी तो माझ्या हातात परत दिला. "अगं, दुपारचे चार तास फक्त. सकाळची सही झालीय ना? जा खुशाल. मी आहे ना इथे."

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "देवमाणूस गं तुझा साहेब."

त्या दुपारी दोन चाळीसला अर्ध्या देशाची वीज गेली. तीन तास पंप बंद, सिग्नल बंद, माणसं लिफ्टमध्ये अडकलेली. नोंद तपासली, तर माझ्या नावानं आत शिरून कुणीतरी चालू यंत्रणेतच दुरुस्ती चढवली होती आणि त्यानंच जाळं बंद पडलं होतं. मी तेव्हा दवाखान्याच्या बाकावर आईची चप्पल मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी चष्मिषनं मला जिन्यात गाठलं. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. "सरांना त्या देशातल्या इंजिनिअरचा फोन आला होता," तो कुजबुजला. "तातडीची दुरुस्ती आहे म्हणाला. सरांनी खिळ्यावरची चावी काढली नि आकडा फोनवर वाचून दाखवला. आपला संगणक त्यानं तिकडे बसून चालवला. मी पाहिलंय."

"चौकशीत सांगशील?"

"दोन लेकरं आहेत गं मला."

मी त्याच्यावर चिडले नाही. मला वाटलं, सर स्वतःच सांगतील. चूक झाली म्हणतील, निवृत्तीला सात महिने राहिलेत, फार तर ठपका येईल. माझी मात्र नोकरी जाणार होती, आणि देशाचा अंधार माझ्या नावावर लागणार होता. हे त्यांना कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं.

चौकशीला टेबलापलीकडे तीन अधिकारी होते, अलीकडे मी, सर आणि केंद्रातले बाकीचे. मी दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यावर माझी सही होती आणि वेळही.

मधल्या बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. "म्हणजे सही करून तुम्ही परस्पर बाहेर गेलात? आणि चावी उघड्यावर टाकून?"

"सरांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आणि चावी सरांनीच वापरली. विचारा त्यांना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच, मायेनं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती."

मी चष्मिषकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्या बघत होता.

मग सरांनी धोरणाची प्रत उघडली. तिसरं प्रकरण. "प्रत्येक कृतीमागे एक नाव असेल आणि त्या नावाचा धनी तिला जबाबदार राहील," त्यांनी सावकाश वाचलं. "हे यांनीच लिहिलंय, मॅडम." मला काम शिकवताना लावायचे, तोच आवाज. नऊ वर्षं ज्याला बापाच्या जागी मानलं, त्यानं माझ्याच वाक्यानं माझा गळा कापला.

निलंबनाचं पत्र घेऊन दुपारीच घरी आले. आईची पट्टी निघाली होती. ती खिडकीत बसून समोरच्या दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती, पहिलीतल्या मुलीसारखी.

"सगळं लख्ख दिसतंय बघ!" ती म्हणाली. "तुझ्या साहेबांना एकदा घरी बोलव. त्या माणसाचा चेहरा बघायचाय मला."

काहीतरी थाप मारायची ठरवलं होतं, जमलंच नाही. तिच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. शेवटी डोळ्यावर हात ठेवून तिनं हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या या डोळ्यामुळे झालं का गं?"

नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण आईच्या तोंडून हा प्रश्न आला, यासाठी त्या माणसाला मी जन्मात माफ करणार नाही.