बुर्गीची डावी स्की

मी बुर्गीची डावी स्की बोलतेय. उजवी माझी जुळी बहीण, पण ती अबोल. म्हणून दोघींचं मीच सांगते.

टिरोलच्या बर्फाळ डोंगरांतल्या एका खोऱ्यात सेवेरिन नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला घडवलं. चिवट लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या, खाली गुळगुळीत तळ दिला, दोन्ही बाजूंना पोलादी कडा बसवल्या. इतर स्कींच्या पोटात तो रबराचा एक थर घालायचा, म्हणजे बर्फाचे बारीक धक्के पायापर्यंत पोचत नाहीत. आमच्यात त्याने तो मुद्दाम घातला नाही.

"बुर्गीला धक्के कळले पाहिजेत," तो म्हणाला. "हिला दिसत नाही."

बुर्गी गावच्या डेअरीत चीज बनवायची. एकोणचाळिसाव्या वर्षी डोळ्यांच्या आजाराने तिची नजर गेली. तोवर बर्फावर तिच्या पुढे जाणारं माणूस खोऱ्यात सापडणं कठीण होतं. नजर गेल्यावर चार वर्षं ती घरी बसली, आणि मग उठून सेवेरिनच्या दारात येऊन उभी राहिली.

तिचा धाकटा भाऊ कास्पर पोस्टमन होता. अंगाने आडदांड आणि तोंडाने अखंड चालू. तो पुढे जायचा आणि ओरडायचा, "डावी... उजवी... थांब." त्याच्या आवाजामागून बुर्गी वळायची. खाली बर्फ कसा आहे, ते मी तिच्या तळपायाला सांगायचे. आमचं छान चाललं होतं.

मग एका जानेवारीत कोणी एक परका माणूस आरडाओरडा करत दोघांच्या मधून गेला. त्या गोंगाटात कास्परचा आवाज हरवला आणि बुर्गी लाकडी कुंपणावर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं. कास्परने त्याच दिवशी आम्हाला तळघरात, बटाट्यांच्या पोत्यामागे टाकलं. "बास झालं आता," तो म्हणाला.

तीन हिवाळे आम्ही तिथे होतो. माझ्या कडांवर गंज चढला. नकोशी वस्तू नजरेआड केली की माणसं सुटल्यासारखी वागतात. पण बुर्गीला आड काय आणि समोर काय? बटाटे न्यायला आली की ती माझ्या कडेवरून अंगठा फिरवायची, आणि वर जायची.

पन्नासाव्या वाढदिवसाला ती भावाला म्हणाली, "केक नको मला. धुराडं उतरायचंय."

गावामागच्या डोंगरात एक अरुंद घळ आहे, तिला सगळे धुराडं म्हणतात. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधे बर्फाची चिंचोळी पट्टी. उतार इतका उभा, की उभ्याने हात बाजूला केला तर तो डोंगराला टेकतो. तिथे घसरलेला माणूस तळाशीच थांबतो. बुर्गी एकोणिसाव्या वर्षी ते उतरली होती.

"डोकं फिरलंय तुझं," कास्पर म्हणाला. "चांगली डोळस माणसं वरून परत फिरतात."

"खाली बघून फिरतात ना? मला तो त्रास नाही."

तीन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. दारात पत्रं टाकायचा आणि निघून जायचा. मग एका संध्याकाळी तळघरात आला आणि कानशीने माझा गंज काढायला लागला. "एकटी जाशील म्हणून येतोय," तो जिन्याकडे तोंड करून म्हणाला. "बाकी काही नाही." वरून उत्तर आलं, "घासताना जास्त बोलू नकोस, कड वाकडी होईल."

मार्चमधल्या एका लख्ख सकाळी, महिनाभराच्या सरावानंतर, आम्ही माथ्यावर पोचलो. तिथे शहरातले दोघे तरुण खाली डोकावून परत निघाले होते. त्यातला एक बुर्गीला कळवळून म्हणाला, "काकू, खाली बघू नका हं."

"बरं झालं सांगितलंत," बुर्गी म्हणाली आणि तिने मला धुराड्यात उतरवलं.

पहिल्या वळणाला माझ्या अंगातून शहारा गेला. उताराला आडवं उभं राहायचं, हलकी उडी, हवेत वळण, आणि उतरताच कड रोवायची. कास्पर थोडा खाली राहून सांगत होता. निम्मं अंतर असंच गेलं.

आणि खालच्या खोऱ्यातून ढग वर आला. पाहता पाहता सगळं पांढरं झालं. वर, खाली, कडे, बर्फ, काहीच वेगळं राहिलं नाही. कास्पर जागच्या जागी झोकांडला आणि बसला.

"बुर्गी, मला काही दिसत नाही."

"मग?"

"मग काय मग? ढग जाईपर्यंत थांबू."

"दुपारी कड्यावरून दगड सुटतात. ऊठ. आता मी पुढे."

ती त्याच्या खाली गेली. कड्याजवळ माझी कड कुरकुरत होती, मधे बर्फ मऊ होता. ते मी तिच्या पायाला सांगत होते. काठीने टकटक करून खडकाचा कडा किती लांब आहे ते ती ऐकत होती. "मऊ बर्फ सोडू नकोस," ती ओरडत होती. "आता वळ. थांब. श्वास घे, गाढवा."

चौथ्या वळणाला कास्परचा पाय सुटला. बर्फावर घासत येणारा त्याच्या कोटाचा आवाज तिने ऐकला. बाजूला व्हायला वेळ होता. ती झाली नाही. तिने गुडघे वाकवले आणि सगळा भार माझ्यावर टाकला.

तो आदळला. माझी कड हातभर घसरली, लाकूड करकरलं, आणि मी थांबले. दोघांचं वजन माझ्या त्या बोटभर पोलादावर होतं. मी सोडलं नाही.

"लागलं?" बुर्गीने विचारलं.

"नाही."

"मग उतर अंगावरून."

अर्ध्या तासाने आम्ही ढगातून बाहेर पडलो. उतार रुंद आणि सोपा झाला. कास्पर मटकन खाली बसला, हसायला लागला, मग रडायला लागला. बुर्गीने त्याची टोपी चाचपली आणि नीट बसवली.

"दिसतंय का रे आता?"

"दिसतंय."

"मग सांग की."

तो सांगत राहिला. डेअरीचा धूर, चर्चचा मनोरा, पुलावरून जाणारी पिवळी बस. ती मान वर करून ऐकत होती. त्या दिवशी गावच्या खाणावळीत त्याने प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं, "मी हिला नाही आणलं, हिने मला आणलं." बुर्गी सूप पीत म्हणाली, "आणि वजनाला भारी आहे तो."

त्यानंतर चार वर्षं दर मार्चमध्ये आम्ही धुराडं उतरलो. आता माझ्या कडा झिजल्यात, तळ ओरबाडलाय. बुर्गीसाठी सेवेरिनने नवी जोडी केली, तीही रबराशिवाय. आम्ही शोभेला भिंतीवर जाणार असं वाटलं होतं. पण कास्परने आम्हाला स्वतःसाठी मागून घेतलं.

हल्ली रविवारी तो डोळ्यांवर लोकरी मफलर बांधून मुलांच्या सोप्या उतारावर येतो. मागून बुर्गी त्याच्या घसरण्याचा कानोसा घेत ओरडते, "डावी... उजवी..." आणि ओरडताना तिला फार मजा येते. मी त्याच्या पायाला बर्फ सांगत असते; तो हळूहळू ऐकायला शिकतोय.

तुम्ही कधी तिथे आलात, तर त्याला हसू नका आणि वाटही सांगू नका. फक्त जरा बाजूला व्हा. थांबायचं अजून त्याला जमत नाही.