पेजेआधी

नूतनने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला आणि सासऱ्यांच्या ओठांवरून हलकेच फिरवला. बापूरावांनी तो दातांत धरून चोखला.

"सोडा ना, मामाजी."

त्यांनी सोडला. आतड्याच्या ऑपरेशनचा हा चौथा दिवस.

नीलाबाई सिस्टर येऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"बाबा, हवा सरली का?"

बापूरावांनी सुनेकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "नाई."

"मंग पेजही नाई."

शेजारच्या खाटेवरचे गुलाम रसूल म्हणाले, "बापूरावभाऊ, भद्रावतीच्या फॅक्टरीत तीस वर्सं बारूद भरली, अन् इथी एक फटाका नाई फुटून राह्यला?"

अख्खा वॉर्ड टाके सांभाळत हसला. बापूराव हसले नाहीत.

काल दुपारी आयुषला पाजताना नूतनने ऐकलं होतं. अगदी स्पष्ट. बापूराव लगेच खोकले होते, आणि तिनेही बाळाला खांद्यावर घेऊन उगीच थोपटलं होतं. हा माणूस सुनेसमोर कधी नुसत्या बनियनवर बसला नव्हता. तिने सिस्टरांना बाजूला गाठून सांगूनही पाहिलं होतं.

"पेशंटनं स्वतः सांगावं लागते, बाई. उद्या उलटी झाली तं?"

तेव्हापासून तिने घरून आलेला आपला जेवणाचा डबा उघडला नव्हता.

आयुष रडायला लागला. तिने त्याला पदराखाली घेतलं. दोन घोट ओढून तो पुन्हा रडू लागला.

"काऊन रडून राह्यला तो?" बापूरावांनी विचारलं.

"भूक लागली त्याले."

"मंग पाज ना."

"पुरत नाई."

बापूरावांची नजर स्टुलावर गेली. डबा काल आला तसाच होता, फडक्याची गाठही तशीच.

"तू जेवली नाई?"

"तुमी जेवा, मंग मी." तिने मान वर केली नाही. "मले घाई नाई."

ते पंख्याकडे पाहत राहिले. सिस्टर दाराशी पोचल्या होत्या.

"ओ सिस्टर!" फॅक्टरीच्या भोंग्यासारखा आवाज निघाला. "सरली. कालच सरली!"

गुलाम रसूल यांनी चादर तोंडावर ओढली. नूतन खिडकीकडे तोंड करून बाळाच्या टोपड्याचे बंद बांधत होती. पुन्हा पुन्हा तेच बंद.

डॉक्टर आले, पोटाला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. मग वाटीभर पातळ पेज आली. नूतनने पहिला चमचा पुढे केला. बापूरावांनी तो घोट तोंडात फिरवला, सावकाश गिळला, आणि दुसऱ्या चमच्याआधी तोंड मिटून घेतलं.

त्यांनी हनुवटीने स्टुलाकडे खूण केली.

"पहिले ते फडकं सोड."